पेवातून नऊ वेळा ओ

"दोर वडा! आवं पावणं, तोंड मिटा आन् दोर वडा आदी!"

चाचा लांबून ओरडत येत होते. सत्तरी उलटलेला माणूस, डोक्यावर जुम्म्याच्या नमाजाची पांढरी टोपी, चपला हातात घेतलेल्या, आणि बांधावरून पळणं असं, की ढेकळं मागं उडत होती. मी जमिनीतल्या एका भोकाशेजारी स्ट्रॉबेरीच्या उपड्या क्रेटवर बसलो होतो. भोक जेमतेम दोन फुटांचं. त्यातून माझा साडू खाली उतरला होता. त्याच्या काखेतून बांधलेला दोर भोकातून वर येऊन शेजारच्या कडुलिंबाच्या खालच्या फांदीला बांधला होता, आणि माझ्या हातात बिअरचा मग होता.

"ओरडताय कशाला चाचा? बरा आहे तो," मी बसल्या बसल्या म्हणालो. "आत्ताच ओ दिली त्यानं."

"कुनी दिली?"

"त्यानंच. आत दुसरं कोण आहे?"

चाचांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वैद्य नाडी बघतो तशी दोन बोटं त्यांनी दोरावर ठेवली, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा उतरला. उतरलेले चेहरे मी पुष्कळ पाहिलेत, पण टोपीसकट उतरलेला हा पहिलाच.

"दोर गप हाय," ते म्हणाले.

इथं थोडं मागं जायला हवं. माझा साडू त्या भोकात मरायला टेकला होता तो माझ्यामुळं, आणि हे एवढं एक वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली आहेत.

मी साताऱ्याचा, बोलणारा माणूस. लग्नात, मयतीत, एसटीच्या रांगेत, कुठंही. बायको सांगत असते की दातांच्या डॉक्टरनं तोंडात हत्यार घातलेलं असताना मी एक गोष्ट पुरी केली होती. ती वाढवून सांगते असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे गोष्टी दोन होत्या.

साडू सांगलीचा. माझ्या मेव्हणीचा नवरा, वयानं माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि स्वभावानं माझ्या बरोबर उलटा. दिवसाला दहा-बारा वाक्यांत त्याचं भागतं. घरचा धंदा हळदीचा. तो भावांवर सोपवून यानं मिरज रस्त्याला स्वतःची बिअर स्वतः बनवणारा बार काढला. परवाना रीतसर, काचेमागं स्टीलच्या तीन उंच टाक्या. ऊसपट्ट्यात टाकी दिसली की लोक तिला कारखानाच म्हणतात, त्यामुळं "कारखान्यावर बसू या" म्हणून संध्याकाळी माणसं तिथं जमू लागली. त्यानं मला फोन केला, "साडूभाऊ, दोन दिवस या. येताना महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणा. सांगली काय बिअर बनवती ते दावतो." एवढी तीन वाक्यं तो एका दमात बोलला म्हणजे त्याच्या दृष्टीनं ते भाषणच. मी दोन क्रेट स्ट्रॉबेरी आणि दोन किलो कंदी पेढे घेऊन गुरुवारी सकाळी पोचलो.

पहिला बार बायपासला. झाडांना निळे दिवे, लोखंडी खुर्च्या, पुढ्यात भडंगाचा डोंगर. तिथली बिअर गव्हाची होती. मी एक घोट घेतला आणि मोठ्यानं म्हणालो, "आमच्याकडं जनावरांना गव्हाचा कोंडा भिजत घालतात, त्याचं पाणी याच्यापेक्षा बरं लागतं." साडू नुसता मिशीत हसला.

दुसरा बार माधवनगरात, एका बंद पडलेल्या गिरणीच्या गोदामात. तिथं मला पहिल्यांदा जरा कसंतरी झालं. यंत्रं केव्हाच गेलेली, पण ती ज्यावर बसवली होती ते दगडी चौथरे जमिनीत तसेच, आणि प्रत्येक चौथऱ्यावर एक टेबल. दुपारचे बारा वाजलेले, आत आम्ही दोघंच. वेटरनं दोन ग्लास ठेवले आणि बिअरच्या पृष्ठभागावर एकात एक गोल उठायला लागले. ग्लासाला कुणी हात लावलेला नव्हता. पंखे बंद होते. रस्त्यावर गाडी नव्हती.

"काय रे हे?" मी विचारलं.

"गिरणीची पाळी हाय," वेटर म्हणाला. "बारा ते साडेबारा हलतंय. मग थांबतंय." आणि त्यानं जेवणाची ऑर्डर घ्यायला वही काढली.

साडेबाराला थांबलं. मी घड्याळ बघून सांगतो. दुसरं कुणी असतं तर गप्प झालं असतं. मी तिथंही म्हणालो, की साताऱ्यात एका हॉटेलात टेबलच काय, गिऱ्हाईकसुद्धा वेळेवर हलतं. साडू हसला नाही. माझ्या गोष्टीला तो आजवर कधीच हसलेला नाही. हे नीट लक्षात ठेवा.

तिसरा त्याचा स्वतःचा. काचेमागं नेऊन त्यानं मला टाकीला कान लावायला सांगितलं. गार स्टीलच्या आत, बंद दाराआड मोठी पंगत बसल्यासारखा गलका चालू होता. मी कान काढला, पुन्हा लावला. एक क्षण गलका थांबल्यासारखा वाटला, कुणी बाहेर उभं आहे हे आत कळल्यासारखा.

"खमीर हाय ते," साडू म्हणाला. "साखर खातंय. खाऊन वायू सोडतंय. वास घ्या." त्यानं वरचं झाकण जरा सरकवलं. नाकात सुई टोचल्यागत झालं आणि मी मागं झालो. "जड असतो ह्यो वायू. खाली बसतो. कोंडल्या जागंत दिवा इझवतो, आन् मानूसबी."

हे सगळं त्यालाच माहीत होतं, म्हणून सांगतो.

त्यानं बेदाण्याची बिअर पाजली, गुळाची पाजली. दोन्ही सुरेख होत्या. मी काय म्हणावं? मी म्हणालो, "उसाची चिपाडं धुतलेलं पाणी." चार गिऱ्हाइकं बसली होती, ती हसली. साडूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टाकीचं झाकण बसवत तो म्हणाला, "उद्या तुमाला पेवातली पाजतो. मग बोला."

पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. सांगलीला नदीकाठी संगमाच्या वाटेवर तशी माती आहे. तोंड दोन फुटांचं, आत उतरलं की रांजणासारखं पोट सुटत जातं, आणि तळाशी चार खाटा मावतील एवढी जागा. तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपलं, की हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी. मी सातारला सांगताना खोली चाळीस फूट सांगतो. वीस असेल. पुराचं पाणी शिरल्यापासून बरीचशी बुजली, काही रिकामी पडली. साडूच्या शेतात असंच एक रिकामं होतं. आत बारा महिने सारखा गारवा. दिवाळीनंतर यानं त्यात बिअरची तीन लाकडी पिंपं सोडली होती.

पेव उघडायचं काम जाणत्या माणसाचं. चाचांच्या घरात ते तीन पिढ्या चालत आलेलं. गुरुवारी संध्याकाळीच त्यांनी तोंड मोकळं करून ठेवलं होतं. शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ते सुतळीला बांधून पेटता कंदील खाली सोडत होते. कंदील दोन पुरुष खोल गेला असेल, ज्योत निळी झाली, लहान झाली, आणि कुणी चिमटीत धरावी तशी गेली. वारा नव्हता. काचेला धक्का नव्हता. चाचांनी तो वर काढला, पेटवला, पुन्हा सोडला. बरोबर त्याच जागी पुन्हा गेला.

"काकवीच्या पेवात असं होत न्हाई," ते पुटपुटले.

मी साडूकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली. चाचा पाच वेळचे नमाजी. पिंपांत बिअर आहे म्हटलं तर पेवाला हात लावणार नाहीत, म्हणून यानं काकवी सांगितलं होतं. काकवी गुपचूप बसते. बिअर खाली तीन महिने खात होती आणि सोडत होती. चाचा आपल्या परीनं बरोबर होते, त्यांना फक्त आत काय बसलंय ते ठाऊक नव्हतं.

"आज कुनी उतरायचं न्हाई," चाचा म्हणाले. "मी नमाज पडून येतो. मग डहाळं हालवून हवा भाईर काडू, कंदील बगू." आणि मग माझ्याकडं वळून, मी नवखा म्हणून, रीत सांगितली. "खाली मानूस आसला की दोर हातात धरायचा. आपन एकदा हालवायचा, त्यानं एकदा हालवायचा. हाक मारायची न्हाई. नाव घिऊन तर न्हाईच न्हाई."

"का हो?"

"पेवात आवाजाचा भरवसा न्हाई. दोराचा हाय."

ते कंदील घेऊन निघून गेले.

ऊन चढलं. साडूनं जीपमधून गुळाच्या बिअरचा कॅन आणला होता, तो लिंबाखाली उघडला. एक झाला, दोन झाले, तिसरा भरला. आणि मी, गप्प बसता येत नाही म्हणून, म्हणालो, "तुझ्या पेवात बिअर आहे की नुसतंच सांगतोस?"

"हाय."

"मग सातारकरानं कोरड्या घशानं परत जायचं? सांगू का घरी जाऊन तुझ्या मेव्हणीला, सांगलीत बिअर जमिनीत पुरतात आणि उकरायला घाबरतात म्हणून?"

तो उठला. लिंबाचा एक डहाळा मोडून दोरीनं आठ-दहा वेळा खालीवर केला. कंदील तर चाचा घेऊन गेलेले. तेव्हा, देवाशपथ सांगतो, ही कल्पना माझी. मी म्हणालो, "मोबाईल सोड की. बॅटरी चालू करून."

आम्ही मोबाईल सुतळीला बांधून खाली सोडला. पांढरा उजेड तळापर्यंत गेला. तिन्ही पिंपं लख्ख दिसली, त्यांच्या अंगावर घाम आलेला दिसला. आणि दिवा काही विझला नाही.

"बघ! जळतोय!" मी म्हणालो. दोन शिकलेली, तीन तीन मग प्यालेली माणसं त्या भोकावर वाकून मोबाईलचा दिवा विझत नाही म्हणून एकमेकांना टाळी देत होती. साडूला हसू फुटलं होतं. सगळं माहीत असलेला माणूस हसत हसत काखेत दोर बांधून घेत होता.

उतरताना त्याचं डोकं भोकाच्या कडेला जरा थांबलं. "दोर धरा," तो म्हणाला. "चाचा म्हन्त्यात तसं." आणि गेला.

मी दोर धरला. थोडा वेळ. पण बिअर ओतून घ्यायला एका हाताला मग, दुसऱ्याला कॅन लागतो. माझ्या हातापेक्षा झाडाचा भरवसा जास्त असा हिशेब करून मी दोराचं टोक लिंबाच्या खालच्या फांदीला पक्कं बांधलं, भोकाच्या अलीकडं क्रेटवर बसलो आणि हाक मारली. त्याच्या नावानं.

"ओ," खालून आलं.

त्याचाच आवाज. थोडा घोगरा, थोडा लांबचा, पण त्याचाच. अंगठ्यानं मी बोटाची पेरं मोजायला लागलो, कारण नुसतं बसणं मला जमत नाही. दुसरी हाक, दुसरी ओ. मी विचारलं, "कशी आहे?" खालून आलं, "गार." तिसरी. चौथी. आता गप्पाच मारू या म्हणून मी भोकाकडं तोंड करून महाबळेश्वरची गोष्ट सुरू केली. ती अशी, की एका पावसाळ्यात मी तिथल्या एका हॉटेलच्या व्हरांड्यात एक मग बिअर घेऊन बसलो. पाऊस इतका, की जेवढी पितोय तेवढा मग भरतोय. तीन दिवस एकच मग चालला. चौथ्या दिवशी चव कळेना तेव्हा वेटरला बोलावून तक्रार केली, की बिअरमध्ये पाणी आहे.

मधे मधे हाक मारत होतो. पाचवी ओ. सहावी. एक गोष्ट जाणवली, पण बोलण्याच्या नादात मी ती बाजूला ठेवली. प्रत्येक ओ आधीच्यापेक्षा वरून येत होती. पहिली तळातून आली होती. चौथी मधून. सहावी तर हात घातला तर हाताला लागेल एवढ्या जवळून. मला वाटलं, चढत येतोय. पण चढणाऱ्या माणसाची धाप ऐकू येते. तिथं धाप नव्हती.

डोक्यावर लिंबाची पिवळी पानं गळत होती. फेब्रुवारीचे दिवस, लिंब झडतोच. पण पानं एकेक पडत नव्हती. एकदम ओंजळभर पडायची, थांबायची, पुन्हा ओंजळभर. दोन माझ्या मगात पडली. वारा नव्हता हे मी बघितलं. बघितलं आणि बोटानं पानं काढून टाकली. नंतर नंतर पानं कमी झाली. मग पडायची थांबली.

सातवी ओ. आठवी. गोष्ट संपत आली. "बिअरमध्ये पाणी आहे!" असं मी मोठ्यानं म्हणालो आणि त्याच्या नावानं नववी हाक मारली.

खालून ओ आली, आणि पाठोपाठ कुणीतरी हसलं. बरोबर हसायच्या जागेवर. भोकाच्या अगदी कडेखालून, जिथून साडूनं उतरताना डोकं थांबवलं होतं तिथून. मी वाकून बघितलं. कडेखाली कुणी नव्हतं. खाली गार काळोख होता आणि तळाशी मोबाईल चालू होता, आकाशाकडं तोंड करून.

मी सावकाश सरळ झालो. माझ्या गोष्टीला तो कधी हसत नाही हे मला तिथंच आठवायला हवं होतं. तेवढ्यात चाचा ओरडले.

बाकीचं मी कमी वेळात सांगतो, कारण ते घडलंही तसंच, आणि त्यात माझं काही मोठं काम नाही. चाचांनी फांदीचा दोर सोडला. मी भोकात पाय घालायला लागलो तेव्हा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली, चपलेच्या हातानं. "दोन मढी नगंत मला!" रस्त्यावर हळदीचा टेम्पो भरत होता, तिथले दोन हमाल हाक ऐकून धावले. चौघांनी दोर ओढला. साडू काही वजनदार नाही, पण तेव्हा वाटलं खालून कुणी धरून ठेवलंय. चाचांनी हात दाखवून थांबवलं, दोर वीतभर सैल सोडला, बाजूला घेऊन पुन्हा ओढला, आणि ते जे काय होतं ते सुटलं. खांदा अडकला होता, असं हमाल म्हणाले. असेल.

बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते. डोळे अर्धे उघडे, पण त्यात बघणारं कुणी नव्हतं. दोन्ही मुठी छातीशी घट्ट आवळलेल्या, दोराभोवती. चाचांनी त्या एकेक बोट करून सोडवल्या. तळहात सोलून निघाले होते. मी ते बघितलं, आणि दोर ओढताना काचलं असेल असं मनात म्हणून मोकळा झालो. चाचांनी त्याला उपडा घातला, पाठीवर थापट्या मारल्या, नाव न घेता नुसतं "चल, चल, चल" म्हणत राहिले. किती वेळ गेला ते मी सांगत नाही, कारण मी सांगितलं तर वाढवून सांगेन. मग तो ओकला. घरघरत श्वास आत गेला.

जीप चालू करताना मी मागं बघितलं. चाचा एकटेच पेवाच्या तोंडावर दगड सरकवत होते. आत काय होतं ते त्यांना आता वासावरून कळलं होतं, त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, ना तेव्हा ना नंतर. दगड बसायच्या आधी मात्र त्यांनी भोकाकडं कान केला. मग घाईनं बसवला आणि हातानंच माती ओढायला लागले.

साडू दोन दिवस दवाखान्यात होता. रविवारी त्याला नीट जाग आली. मेव्हणी उशाशी बसून संत्रं सोलत होती. तिचा राग माझ्यावर असणार, पण डॉक्टरनं धोका टळला म्हटल्यापासून ती नुसती सोलत होती, खायला कुणी नसताना पाच-सहा सोलून झाली होती. भेटायला माणसं येत होती, आणि मी, माझं काय करायचं, त्यांना सांगत होतो. तिसऱ्या वेळेपर्यंत गोष्ट चांगली बसली होती. कंदील, मोबाईल, चाचांची थोबाडीत. पेव चाळीस फुटांचं झालं होतं.

माणसं गेल्यावर मेव्हणी म्हणाली, "दाजी, एक विचारू? तुम्ही वर होता ना? तुम्हाला कळलं कसं नाही?"

"अगं, कळणार कसं?" मी म्हणालो. "मी हाक मारतोय, हा ओ देतोय. एकदा नाही, नऊदा. पेरांवर मोजल्यात. पेवाची खोली मी वाढवली असेल, ती वजा कर हवं तर. ओ वाढवलेली नाही. विचार त्यालाच. गोष्टीला हसलासुद्धा."

ती त्याच्याकडं वळली. त्याचे डोळे मिटलेले होते. पट्ट्या बांधलेले हात पांघरुणावर होते. मला वाटलं झोपलाय.

"मी ओ दिलीच न्हाई, साडूभाऊ," तो म्हणाला. "दोर हालवत हुतो."